पैसा कोणाचा, गेम कोणाचा

मांजर होऊन खेळायचा ‘स्ट्रे’ हा गेम २०२२ साली आला आणि गाजला. तो बनवला फ्रान्समधल्या ब्लूट्वेल्व्ह या छोट्या स्टुडिओने. पण खेळणाऱ्यांच्या बोलण्यात तो बऱ्याचदा ‘अन्नपूर्णाचा गेम’ असतो, कारण अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्ह ही त्याची प्रकाशक कंपनी. मोबियस डिजिटलच्या ‘आउटर वाइल्ड्स’चीही तीच गत. मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटायला हवे. पुस्तक मौजेने काढलेले असो की पॉप्युलरने, ते कोणाचे असे विचारल्यावर आपण लेखकाचेच नाव घेतो. गेमच्या धंद्यात मात्र पैसा लावणारा तोच कर्ता, हा समज रूढ झाला आहे. त्याच्या समर्थनार्थ तीन युक्तिवाद हटकून केले जातात.

पहिला जोखमीचा. प्रकाशक वर्षानुवर्षे स्टुडिओचा खर्च उचलतो, चाचण्या आणि भाषांतरे करून घेतो, जाहिरात करतो, आणि गेम आपटला तर नुकसान सोसतो. मग नाव त्याचे का नको? यातले प्रत्येक विधान खरे आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा. जोखमीने नफ्यावर हक्क येतो, कर्तेपणावर नाही. जोखमीचा मोबदला करारातल्या टक्केवारीत आधीच ठरलेला असतो. त्याच जोखमीच्या नावावर श्रेयही मागणे म्हणजे एकाच कामाची दोनदा वसुली.

ही वसुली किती महागात पडते, हे धंद्याच्या बालपणीच दिसले. १९७०च्या दशकात अटारी कंपनी आपल्या कार्ट्रिजवर प्रोग्रामरचे नाव छापत नसे. डेव्हिड क्रेन, अ‍ॅलन मिलर, बॉब व्हाइटहेड आणि लॅरी कॅप्लन हे चौघे कंपनीचे प्रमुख रे कासार यांच्याकडे नाव आणि विक्रीतला वाटा मागायला गेले आणि रिकाम्या हाती परतले. १९७९ साली अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली ती त्यातूनच. तिने गेमसोबत तो रचणाऱ्याचे नाव छापले, माहितीपुस्तिकेत त्याचा फोटो दिला. अटारीने दावा लावला, पण अ‍ॅक्टिव्हिजन थांबली नाही. १९८२ साली क्रेनच्या ‘पिटफॉल’ने लाखो प्रती खपवल्या. अटारीचे भांडवल जागच्या जागी होते. निघून गेली होती ती गेम सुचणारी डोकी.

दुसरा युक्तिवाद गर्दीचा. आज एका गेममागे शेकडो माणसे असतात. कोणाकोणाचे नाव घालणार? इथे इतिहासच साक्षीला उभा राहतो. अटारीच्या काळात कल्पना, कोड, चित्रे, आवाज हे सारे बहुधा एकच माणूस करत असे. तेव्हा कसलीही गर्दी नव्हती, तरीही नाव दिले जात नव्हते. वॉरन रॉबिनेटने ‘अ‍ॅडव्हेंचर’ एकट्याने लिहिला आणि त्यात एक गुप्त खोली करून आपले नाव लपवून ठेवले. त्याने नोकरी सोडल्यानंतर एका मुलाच्या पत्रातून कंपनीला ते कळले. म्हणजे गर्दी हे नाव न देण्याचे कारण कधीच नव्हते. ती नंतर सापडलेली सबब आहे.

आणि पडद्यावर सरकणाऱ्या नावांना कागद लागत नाही, शाई लागत नाही. तरी ती गाळली जातात, कारण गाळणे हे धोरण असते. २०२१च्या ‘मेट्रॉइड ड्रेड’मध्ये निर्मितीच्या एकूण काळापैकी २५ टक्क्यांहून कमी काळ काम केलेल्यांची नावे नव्हती. २०११च्या ‘एल. ए. न्वार’मधून शंभराहून अधिक जणांची नावे गळली. त्यातले बरेच जण मधेच नोकरी सोडून गेलेले. यातला पहिला नियम मर्क्युरीस्टीमचा आणि दुसरा गेम टीम बाँडीचा, म्हणजे दोन्हीकडे गेम बनवणारे स्टुडिओच. त्यामुळे ‘प्रकाशक दुष्ट, स्टुडिओ बिचारा’ ही सोपी मांडणीही टिकत नाही. नावांची यादी ज्याच्या हाती, तो तिचा चाबूक करतो. शेवटपर्यंत राहिलास तर नाव, गेलास तर पुसले: ही पगाराबाहेरची वेठ आहे. तिची झळ थेट पोटाला बसते, कारण पुढची नोकरी किंवा पुढचा गुंतवणूकदार मिळवताना या माणसांकडे दाखवायला ते नावच असते.

तिसरा युक्तिवाद कराराचा. सही केली ना, मग तक्रार कसली? अमेरिकी कायदा तर नोकरीत केलेल्या कामाचा कर्ता मालकालाच मानतो. पण कायदा म्हणजे निसर्गनियम नव्हे. कृती विकली तरी ती आपली आहे असे म्हणण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो, हे तत्त्व कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९२८ सालीच आले. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ तेच सांगते: स्वामित्व दुसऱ्याला देऊन टाकले तरी कर्तेपण सांगण्याचा हक्क संपत नाही. शेकडो जणांच्या गेममध्ये कायद्याच्या नजरेत ‘कर्ता’ कोण, यावर वकील खुशाल भांडोत. मालकी आणि कर्तेपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे तरी आपल्या कायद्याने मान्य केले आहे.

खंडन इथे संपवले तर मात्र दुसऱ्या टोकाच्या भ्रमात पडू. एकांड्या प्रतिभावंताची कथा प्रकाशकाच्या मक्तेदारीइतकीच खोटी असू शकते. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोनने कित्येक वर्षे खपून एकट्याने घडवला, हे खरे. २०१६ साली तो चकलफिशने प्रकाशित केला आणि अनेकांनी मिळून खेळण्याच्या सोयीसाठी लागणारे नेटवर्कचे तांत्रिक काम त्या कंपनीतल्या माणसांनी उचलले, हेही खरे. पहिल्या सत्याने दुसरे पुसायचे कारण नाही. प्रकाशकाकडेही माणसेच असतात. २०२४ साली अन्नपूर्णा इंटरॅक्टिव्हच्या सगळ्या चमूने एकदम राजीनामा दिला. गेम निवडण्याची जी पारख त्या शिक्क्याच्या खात्यावर जमा होत होती, ती या लोकांची होती. शिक्का राहिला, पारखणारे गेले. ज्या चालीने स्टुडिओचे नाव झाकले जाते, त्याच चालीने प्रकाशकाच्या घरातली माणसेही झाकली जातात.

म्हणून श्रेयाचा नियम एकच असावा: ज्याने जे केले, ते त्याच्या नावे. मुखपृष्ठावर आणि जाहिरातीत स्टुडिओचे नाव प्रकाशकाच्या नावाइतकेच ठळक असावे. नाव कामावरून ठरावे, हजेरीवरून नव्हे. मधे सोडून गेलेल्याचे काम गेममध्ये असेल तर नावही असावे. जुना गेम नव्याने काढताना मूळ चमूची नावे जशीच्या तशी यावीत. २०२३च्या ‘मेट्रॉइड प्राइम रीमास्टर्ड’मध्ये निनटेंडोने २००२च्या निर्मात्यांची एका सामुदायिक ओळीत बोळवण केली, तसे होऊ नये. प्रकाशकाने पैशाखेरीज जे केले, तेही माणसागणिक नोंदवावे.

हा प्रश्न आता आपल्याकडेही आला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली जगभर पोहोचला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठी नामांकित झाला. त्याचाही प्रकाशक परदेशी होता. इथल्या पुढच्या स्टुडिओंसमोर असेच करार येतील. टक्केवारीवर घासाघीस करताना नावाचे कलम शिष्टाचार म्हणून शेवटच्या पानावर ढकलू नये. ते पहिल्याच बैठकीत मागावे. टक्केवारी एका गेमपुरती असते. पुढच्या कराराच्या वेळी आपली किंमत ठरते ती आधीच्या गेमवर आपले नाव आहे की नाही यावर.