उपग्रहाची साक्ष आणि वनहक्काचे दावे

जंगल कसे जगते हे आता आकाशातून मोजता येते. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. उपग्रह हा फरक टिपतो. पालवी कधी फुटली, दुष्काळात झाडोरा किती करपला, हे त्यावरून कळते. विज्ञान म्हणून याचे स्वागतच आहे. परंतु हेच चित्र वनहक्काच्या दाव्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे केले जाते, तेव्हा त्याची उलटतपासणी घेतलीच पाहिजे.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जमिनीचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा लागतो. त्या काळात भारतीय वन सर्वेक्षणाने वापरलेल्या प्रतिमेतील एक ठिपका साडेतेवीस मीटरचा. म्हणजे वीस गुंठ्यांचा तुकडा चार ठिपक्यांतही भरत नाही, आणि कडेच्या ठिपक्यात शेजारचे जंगल मिसळते. पावसाळ्यात उभ्या पिकावर ढग, डिसेंबरात धान कापलेले. त्यात शेतात मोहाची झाडे राखलेली! एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्के छत्र दिसले की सर्वेक्षणाच्या लेखी ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणते, याचा विचार नाही. फळबागही त्यात मोजली जाते. उपग्रहाला हिरवा रंग दिसतो, राबणारे हात दिसत नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने २००० ते २०१७ या काळात भारतात वाढलेल्या हिरवाईपैकी ८२ टक्के शेतजमिनीवरची असल्याचे दाखवले, हे इथे आठवावे.

आपल्या समाजाची अडचण याहून मोठी आहे. जंगलपट्ट्यातील दलित कुटुंबे 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गात येतात. त्यांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. पहिला लँडसॅट उपग्रह उडाला १९७२ मध्ये! ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांनी कागद आणावा कोठून?

कायदा मात्र इतका आंधळा नाही. २०१२ च्या सुधारित नियमांत उपग्रह प्रतिमा ही इतर पुराव्यांना पूरक आहे, पर्याय नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. गुजरात उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये केवळ अशा प्रतिमांवर विसंबण्यास नकार दिला. तरीही गाफील राहून चालणार नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि अतिक्रमणांचे उपग्रह सर्वेक्षणही करण्यास सांगितले. हटवण्याच्या आदेशाला २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली. पंधरा दिवसांत लाखो कुटुंबांचा जीव टांगणीला लागला होता.

म्हणून दावा फेटाळताना प्रतिमेचा आधार घेतला असेल, तर ती कोणत्या तारखेची, कोणत्या उपग्रहाची, ठिपका किती मीटरचा, हे लेखी मागा. लँडसॅटच्या जुन्या प्रतिमा २००८ पासून फुकट मिळतात. आपल्या पदवीधर तरुणांनी त्या काढून ग्रामसभेपुढे ठेवाव्यात. आणि त्यांच्या जोडीला गावातील म्हाताऱ्यांचे जबाब, जुनी विहीर, घातलेले बांध, मसणवटीची जागा. नियम १३ मध्ये हे सारे पुरावेच आहेत.