ॲक्सेंट राहू दे, आकडा नीट सांगा



गेल्या महिन्यात बॅच संपल्यावर एक मुलगा थांबला. घरचा चपलांचा धंदा, आता हा ऑनलाइन विकायला बघतोय. म्हणाला, "सर, वीस हजार भरून ॲक्सेंटचा कोर्स करू का? बेंगळुरूच्या पार्टीशी बोलायला लाज वाटते." मी म्हटलं, "भावा, त्या वीस हजाराचं लेदर घे. उच्चाराचं आपण फुकटात बघू."

हे मी गमतीत नाही म्हटलं. छोट्या धंदेवाल्याला ॲक्सेंट लागत नाही, स्पष्ट बोलणं लागतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲक्सेंट म्हणजे तुम्ही कुठले ते कळणं. स्पष्टता म्हणजे तुम्हाला काय पाहिजे ते कळणं. ऑर्डर दुसऱ्या गोष्टीवर मिळते.

माझंच उदाहरण घ्या. दुकान नवीन होतं. बीबीएला असताना इंग्लिशमध्ये प्रेझेंटेशन दिली होती, त्यामुळे कॉलर टाइट. परराज्यातल्या एका होलसेलरला फोनवर 'फिफ्टीन' डझन सांगितलं, त्यानं 'फिफ्टी' ऐकलं. माल आला तेव्हा डोळे पांढरे झाले. तो संपवायला दोन सीझन गेले. चूक त्याची नव्हती, माझी होती.

का झालं असं? इंग्लिशमध्ये 'फिफ्टीन' म्हणताना जोर शेवटच्या 'टीन'वर असतो, 'फिफ्टी'त पहिल्या 'फिफ्'वर. मराठीत आपण सगळ्या अक्षरांवर जवळपास सारखाच जोर देतो. त्यात फोनवर शेवटचा 'न' गळाला की पंधराचे पन्नास झालेच. थर्टीन-थर्टी, सिक्स्टीन-सिक्स्टी, सगळीकडे हाच घोटाळा. म्हणून आता मी "फिफ्टीन, वन फाइव्ह" असंच सांगतो आणि फोन ठेवल्याबरोबर व्हॉट्सॲपवर आकडा टाकतो.

दुसरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत आपण ते लिहितो, पण बोलताना फारसा फरक करत नाही. इंग्लिशमध्ये त्यावर अर्थ बदलतो. चपलेची 'हील' आखूड म्हटली की 'हिल' होते, म्हणजे टेकडी! तिसरी अडचण न बोलायच्या अक्षरांची. 'रिसीट'मध्ये 'पी' लिहितात, बोलत नाहीत. कर्जाला 'डेट' म्हणतात, त्यातला 'बी' गप्प असतो.

आणि 'थ'चं काय? तो इंग्रजांसारखा नाही आला तर? बिघडत नाही. जेनिफर जेंकिन्स या ब्रिटिश भाषातज्ज्ञ बाईंनी २००० साली नेमका यावर ग्रंथ लिहिला. इंग्लिश ज्यांची मातृभाषा नाही अशी दोन माणसं बोलतात, तेव्हा गाडी कुठं अडते हे त्यांनी तपासलं. 'थ'नं सहसा अडत नाही. स्वर लांब की आखूड, आणि वाक्यातल्या कोणत्या शब्दावर जोर दिला, यानं अडतं. आपली पार्टी बेंगळुरूची असो नाहीतर दुबईची, तिचंही इंग्लिश बहुतेक वेळा शिकलेलंच असतं.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. नाव आपलं नव्हतं, त्यावरून केवढा गदारोळ झाला! जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांकडे आली. ती काय आपला 'थ' ऐकायला आली होती? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय मिळालाय, तो हाताच्या कामाला मिळालाय.

'इंग्लिश विंग्लिश' हा २०१२ चा सिनेमा आठवा. गौरी शिंदे यांना तो त्यांच्या आईवरून सुचला. पुण्यात त्यांच्या आईचा लोणच्यांचा व्यवसाय होता. सिनेमातली शशी गोडबोले लाडू विकते, आणि तिच्या 'जॅझ'च्या उच्चारावर हसतात कोण? घरचेच. लाडू नेणाऱ्या गिऱ्हाइकांचं तिच्या इंग्लिशवाचून काही अडत नव्हतं.

आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडच्या बायका "मी जातो", "मी करतो" म्हणतात, त्यावर पुण्यात हसतात. म्हणून आपण बोलणं थांबवलं का?

आता कुणी म्हणेल, "सर, पण समोरचा बोलण्यावरून जोखतोच की." जोखतो, खरं आहे. भरभर, तोंडातल्या तोंडात बोललात तर ऑर्डर जाऊ शकते. पण त्यावर उपाय सावकाश बोलणं आहे, अमेरिकन 'र' लावणं नाही. उसना ॲक्सेंट घासाघीस सुरू झाली की पहिल्या मिनिटात गळून पडतो, आणि मग माणूसच खोटा वाटायला लागतो. हां, कॉल सेंटरला नोकरी करायची असेल तर गोष्ट वेगळी, तिथं तो कामाचाच भाग असतो.

या आठवड्याचं काम सांगतो. तुमच्या धंद्यातले वीस इंग्लिश शब्द लिहून काढा. मोबाइलच्या डिक्शनरीत स्पीकरचं बटण दाबून प्रत्येक शब्द ऐका. मग माल, नग, रेट आणि तारीख सांगणारा एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज करा आणि तुमच्या धंद्यातला नसलेल्या मित्राला पाठवा. त्यानं ऐकून फक्त आकडे लिहायचे. सगळे बरोबर आले तर तुमचं इंग्लिश धंद्यापुरतं तयार आहे. चुकले तर जिथं चुकले तेवढंच सुधारा.

त्या मुलानं हे केलं. पहिल्या वेळी पाचपैकी दोन आकडे चुकले. चौथ्या दिवशी पाचही बरोबर आले, मग त्यानं बेंगळुरूला फोन लावला. बोलला कोल्हापुरी थाटातच. समोरच्यानं फक्त एक विचारलं, "डिस्पॅच कधी?"

भेटू पुढच्या व्हिडिओत.