कोरियन डॉनच्या हातात बंदूक का नसते?

गँगस्टर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कमरेला खोचलेला कट्टा येतो. 'सत्या' घ्या नाहीतर 'गँग्ज ऑफ वासेपूर', गोळीबाराशिवाय पिक्चर पुढे सरकत नाही. कोरियन डॉन मात्र काढतो मासे कापायचा सुरा, कुऱ्हाड नाहीतर बेसबॉलची बॅट. २०१३ च्या 'न्यू वर्ल्ड'मधली लिफ्टमधली ती गाजलेली मारामारीही सुऱ्यांचीच.

याचं मोठं कारण आहे कायदा. दक्षिण कोरियात सामान्य माणसाला घरात बंदूक ठेवता येत नाही. शिकारीचं लायसन्स असलं तरी बंदूक पोलीस ठाण्यात जमा. हंगामात न्यायची, परत आणून द्यायची. गंमत म्हणजे सक्तीच्या लष्करी सेवेमुळे तिथल्या बहुतेक पुरुषांना ती चालवता येते!

आता सुरा चालवायचा तर जवळ जावं लागतं, मग धाप लागते, पाय घसरतो, स्वतःलाही लागतं. 'ओल्डबॉय'मध्ये (२००३) हातोडा घेतलेला हिरो कॉरिडॉरमधल्या टोळीला एकटा भिडतो. तीन दिवस आणि १७ टेक लागलेला हा सीन एकाच शॉटमध्ये आहे. हिरो पडतो, दमतो, पाठीत सुरा घेऊन पुन्हा उठतो. लोकांना 'रिअल' वाटतं ते हे दमणं. नाहीतर एकट्याने अख्खी टोळी लोळवणं यात रिअल काय आहे?

असं रक्त दाखवायची मोकळीकही तशी नवीच. १९९६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सिनेमांची पूर्व-सेन्सॉरशिप घटनाबाह्य ठरवली. पुढे आलेल्या सिनेमांची हवा आपल्याकडेही पोचली. 'डोंबिवली फास्ट'वाल्या निशिकांत कामत यांचा 'रॉकी हँडसम' हा 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'चा रिमेक.

पण या 'रिअल'ची किंमत कोणीतरी मोजतं. खरं तर खुनांचं प्रमाण कमी असलेल्या देशांत दक्षिण कोरिया मोडतो. 'द आउटलॉज' (२०१७) हा सोल पोलिसांनी २००४ च्या सुमारास चिनी-कोरियन टोळ्यांवर केलेल्या खऱ्या कारवाईवर बेतलेला. त्याच वर्षीच्या 'मिडनाइट रनर्स'मध्ये एक टॅक्सीवाला सांगतो की देरिम-दोंग भागात सुरे चालतात, पोलीसही तिकडे फिरकत नाहीत. तिथे राहतात जोसोनजोक, म्हणजे चीनमधून कामासाठी आलेले कोरियन वंशाचे लोक. हॉटेलात, बांधकामावर, आजारी माणसांच्या सेवेत राबणारे. ते कोर्टात गेले. आधी हरले. अपिलात, २०२० मध्ये, निर्मात्या कंपनीने माफी मागावी असं कोर्टाने सुचवलं.

'द आउटलॉज'च्या पुढच्या तिन्ही भागांना कोरियात प्रत्येकी एक कोटीहून जास्त प्रेक्षक मिळाले. त्यातले व्हिलन व्हिएतनाममध्ये लपलेला कोरियन, जपानी याकुझा आणि फिलिपिन्समधून धंदा चालवणारी टोळी असे आहेत. योगायोग असेलही, पण देरिम-दोंग त्यांत नाही.