कापड गेले, भाडे राहिले

परवा लोअर परळच्या ‘फिनिक्स’मध्ये नातीसाठी बूट घ्यायला गेलो होतो. ती आणि तिची आई दुकानात शिरल्या आणि मी बाहेर गिरणीच्या जुन्या धुराड्याकडे पाहत उभा राहिलो. ते अजून जागच्या जागी आहे. माझे मामा जवळच्याच एका गिरणीत साचे चालवीत. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी त्यांच्या चाळीत स्टोव्ह पेटत.

फिनिक्स मिल्स ही कंपनी १९०५ ची. १९५९ पासून तिचे शेअर मुंबई शेअर बाजारात आहेत. नावात अजून ‘मिल्स’ असले तरी धंदा आता भाड्याचा. गिरणगावाचे काय झाले, हे समजून घ्यायला तिच्या जमाखर्चासारखे साधन नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाने गिरण्या बुडवल्या असे आपण सहज बोलून जातो. मला ते अर्धेच खरे वाटते. यंत्रे आधीच जुनी झाली होती, भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते आणि गिरणीखालच्या जमिनीची किंमत गिरणीहून वाढत चालली होती. १९९१ च्या नियमावलीने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक स्वस्त घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली. ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती हिशेबातून सुटली आणि शहराचा वाटा आक्रसला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती वैध ठरवली.

अनेक मालकांनी टॉवर बांधले, फ्लॅट विकले आणि पैसे घेऊन मोकळे झाले. फिनिक्सने जागा हातची सोडली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे बोलिंगचा खेळ आला, मग दुकाने, पुढे पंचतारांकित हॉटेल. मॉलमधले भाडे आपल्या चाळीतल्या पागडीसारखे गोठलेले नसते. दुकानदाराने ठरलेले किमान भाडे द्यायचे किंवा विक्रीतला ठरावीक टक्का, यांत जे जास्त असेल ते. म्हणजे बुटांची किंमत वाढली की जागामालकाचीही कमाई वाढते. शिवाय उद्या येणाऱ्या भाड्यावर बँक आज कर्ज देते. असे भाडे हाताशी असले की पुढचा मॉल बांधायला बळ येते. २०११ मध्ये कुर्ला आणि पुण्यात विमाननगर इथे कंपनीचे मॉल सुरू झाले.

यापुढची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. २०१७ मध्ये कॅनडाच्या सार्वजनिक निवृत्तिवेतन निधीचे पैसे गुंतवणाऱ्या मंडळाने फिनिक्सच्या एका उपकंपनीत ४९ टक्के हिस्सा घेण्याचा करार केला. रक्कम १,६०० कोटी रुपयांपर्यंत होती. हा निधी आपल्या भविष्य निर्वाह निधीच्याच जातीचा, तिथल्या नोकरदारांच्या पगारातून सक्तीने कापलेला. याच भागीदारीतून इंदूर आणि पुण्यात वाकड इथले मॉल उभे राहिले. गुंतवणूक पुढे आणखी वाढली. जुलै २०२५ मध्ये तो हिस्सा सुमारे ५,४०० कोटींना, तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने, परत विकत घेण्याचे फिनिक्सने जाहीर केले. कॅनडातल्या एखाद्या बस ड्रायव्हरच्या म्हातारपणाची तरतूद वाकडच्या गर्दीतून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

यात गैर काही नाही. त्या मंडळाने आपल्या खातेदारांचे काम चोख केले. पण आपल्या कामगाराचा पैसा त्याच्याच पायाखालच्या जमिनीत लावण्याची सोय आपण का केली नाही? भाड्याच्या उत्पन्नात सामान्य माणसाला भाग घेता यावा म्हणून सेबीने नियम केले ते २०१४ साली आणि असा पहिला ट्रस्ट शेअर बाजारात आला २०१९ मध्ये. तोवर गिरणगाव रिकामे झाले होते.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. कामगार आणि वारसांचे अर्ज दीड लाखांच्या आसपास होते. मामांचे हिशेबाचे पैसे हप्त्याहप्त्याने आले, तेही गावचे घर शाकारण्यात संपले. घरासाठी त्यांच्या मुलाने अर्ज भरला आहे. त्याचा नंबर अजून लागलेला नाही.