दुसरी सीट कुणी रिकामी केली?

माझे मामू वीस वर्षं मिरज-मुंबई ट्रक चालवत होते. रात्री क्लीनर सोबत असल्याशिवाय ते गाडी काढत नसत. क्लीनरचं खरं काम मामूंना बोलतं ठेवायचं. सरळ रस्त्यावर तासभर काहीच घडलं नाही की लक्ष उडतंच, असं ते सांगत.

त्यांची आठवण अमेरिकेतल्या एका अपघाताचा अहवाल वाचताना झाली. 18 मार्च 2018 ची रात्र, ॲरिझोनातलं टेम्पी शहर. उबरची स्वयंचलित गाडी चाचणीवर होती. 49 वर्षांची एक बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. गाडीने तिला धडक दिली, ती वाचली नाही. देखरेखीसाठी स्टिअरिंगमागे बसलेली चालक तेव्हा मोबाइलवर कार्यक्रम पाहत होती.

एवढं ऐकलं की आपण निकाल देऊन मोकळे होतो. चालकाची चूक होतीच, ती मी झाकत नाही. पण एनटीएसबी या तपास यंत्रणेचा अहवाल पुढे वाचा. धडकेच्या 5.6 सेकंद आधीच यंत्राला ती बाई दिसली होती. कधी गाडी, कधी सायकल, कधी ‘इतर काही’ असं ते तिला ठरवत राहिलं. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस चालत रस्ता ओलांडेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं. (भिवंडीत काय केलं असतं त्याने?) व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक उबरची यंत्रणा चालू असताना बंद ठेवलेला. आणि आधी गाडीत दोन माणसं असत; 2017 च्या उत्तरार्धात कंपनीने त्यातलं एक कमी केलं. क्लीनर उतरवला, म्हणा ना.

मग उरलेल्या एकटीने तासन्‌तास काही न करता बसायचं आणि क्षणात ब्रेक दाबायचा. हे गाडी चालवण्यापेक्षा अवघड आहे. यालाच ‘मानवी देखरेख’ म्हणतात!

2019 मध्ये सरकारी वकिलांनी सांगितलं, कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही. चालकावर 2020 मध्ये गुन्हा दाखल झाला; 2023 मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचं कबूल केलं. तीन वर्षांची प्रोबेशन मिळाली.

तुमच्यातले कितीतरी जण हिंजवडीत कोड लिहितात, यंत्राने दिलेली उत्तरं तपासतात. उद्या ‘फक्त लक्ष ठेवा’ अशी नोकरी समोर आली तर पगाराआधी विचारा: सलग किती तास? सोबत कोण? काय काय बंद करून ठेवलंय? आणि ते लेखी घ्या.

शेठने एकदा क्लीनरचा पगार वाचवायचं ठरवलं, तेव्हा मामूंनी चावी टेबलावर ठेवली. शेठ नमला. पण मामूंना दुसरा ट्रक मिळाला असता. त्या बाईला असं करणं परवडलं असतं, असं मला वाटत नाही.