गे जोडप्याची पत्रिका: अ‍ॅप नेमकं काय मोजतं आणि तुमच्याकडून काय घेतं?

‘तुझी रास कोणती?’ हा प्रश्न आता डेटिंग अ‍ॅपवर ‘काय करतोस?’च्या आधी येतो. टिंडर, बंबलवर प्रोफाइलमध्येच रास दाखवायची सोय आहे. त्याच्या एक पाऊल पुढे म्हणजे गुणमिलनाची अ‍ॅप्स. दोघांची जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मगाव टाकलं की काही सेकंदांत ‘३६ पैकी इतके गुण’ असा आकडा समोर येतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि गे आहे. त्यामुळे माझ्या मित्रमंडळींत असे स्क्रीनशॉट बरेच फिरतात. आपल्याकडे पत्रिका सहसा घरचे बघतात, पण दोन मुलांच्या नात्यात घरचे बहुतेक वेळा चित्रातच नसतात. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध वगळले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलैंगिक विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला नकार दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. म्हणजे नातं गुन्हा नाही, पण लग्नही नाही. अशा अधांतरी जागेत ‘हे टिकेल का?’ याचं उत्तर कुणाकडून तरी हवं असतं आणि ते द्यायला अ‍ॅप हजर असतं.

पत्रिकेवर विश्वास ठेवावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी इथे फक्त दोन गोष्टी तपासतो: तो आकडा कसा तयार होतो आणि त्या बदल्यात आपण काय देऊन बसतो.

३६ गुण येतात कुठून?

नाव, फोटो, शुभंकर चिन्हं बाजूला काढली तर गुणमिलनाचा प्रोग्रॅम अगदी साधा आहे. जन्मवेळेवरून चंद्राची जागा काढायची, त्यावरून नक्षत्र आणि रास ठरवायची आणि तयार कोष्टकात बघून आठ विषयांचे मार्क द्यायचे. ते असे: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट (राशिकूट) ७ आणि नाडी ८. बेरीज ३६. साधारण १८ च्या वर असेल तर ‘जुळतं’ म्हणतात.

सगळी गणना फक्त चंद्रावर चालते. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंशांच्या आसपास सरकतो आणि एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं असतं. म्हणजे एकाच दिवशी जन्मलेली मुलं एक-दोन नक्षत्रांतच बसतात. एक-दोन बारीक अपवाद सोडले तर नक्षत्र आणि रास यांच्या जोड्या ३६ च होतात. त्यामुळे अख्खं गुणमिलन म्हणजे ३६ ओळी आणि ३६ रकाने, एकूण १,२९६ चौकटींचं एक कोष्टक. तुमचा स्वभाव, तुमची भांडणं, तुमचा पगार, तुम्ही घरी सांगितलंय की नाही, यातलं काहीही त्या कोष्टकात जात नाही.

‘मुलगा’ कोण आणि ‘मुलगी’ कोण?

फॉर्ममध्ये बहुतेक वेळा दोन रकाने असतात: मुलाची माहिती आणि मुलीची माहिती. गे जोडपं इथेच अडकतं. बरेच जण हसून एकाला ‘मुलगी’च्या रकान्यात टाकतात आणि पुढे जातात. पण हा फक्त लेबलचा प्रश्न नाही, निकालच त्यामुळे बदलतो.

वर्णाचं उदाहरण घ्या. कर्क राशीचा वर्ण ब्राह्मण, मिथुन राशीचा शूद्र. नियम असा की वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा. कर्क राशीचा मुलगा ‘वर’ असेल तर १ गुण. तीच दोन माणसं उलट्या रकान्यांत टाका, गुण ०. चार वर्णांत प्रत्येकी तीन राशी येतात, म्हणून कुठल्याही दोन माणसांचे वर्ण वेगळे असण्याची शक्यता साधारण चारात तीन. अशा प्रत्येक जोडीत रकाने बदलले की वर्णाचा गुण बदलतो. गणाच्या काही कोष्टकांतही देव गणाचा मुलगा आणि मनुष्य गणाची मुलगी याला एक मार्क, उलट असेल तर दुसरा.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे फंक्शन सिमेट्रिक नाही. दोन माणसांमधलं नातं मोजायचा दावा करणारा आकडा कुणाचं नाव आधी टाकलं यावर बदलत असेल, तर तो नातं मोजत नाहीये. तो जात आणि नवरा-बायकोची उतरंड मोजतोय. काही अ‍ॅप्स आता ‘व्यक्ती १’ आणि ‘व्यक्ती २’ असं लिहितात. वरची पाटी बदलली, पण आतलं कोष्टक तेच असेल तर ‘व्यक्ती १’ म्हणजे वरच.

नाडी दोषाने घाबरू नका

सगळ्यात जास्त स्क्रीनशॉट याचेच येतात: ‘नाडी दोष, ० गुण’. २७ नक्षत्रं आद्य, मध्य आणि अंत्य या तीन नाड्यांत नऊ-नऊ अशी वाटलेली आहेत. दोघांची नाडी एक असेल तर ८ पैकी ०, वेगळी असेल तर पूर्ण ८. मधलं काही नाही. म्हणजे रस्त्यावरची कुठलीही दोन माणसं उचलली तरी साधारण तीनात एका जोडीला नाडी दोष निघणारच. भकूटाचंही तसंच. एका राशीपासून दुसरी मोजल्यावर २-१२, ५-९ किंवा ६-८ असं अंतर आलं की शून्य, नाहीतर पूर्ण ७. बारा शक्यतांपैकी सहा शून्याच्या, म्हणजे निम्म्या जोड्या तिथेच नापास.

या दोन हो-नाही नियमांवर ३६ पैकी १५ गुण ठरतात. दोन्ही गेले तर उरलेल्या २१ मधून १८ काढावे लागतात. परंपरेत या दोषांना परिहार, म्हणजे अपवाद आहेत. काही अ‍ॅप्स ते धरतात, काही धरत नाहीत, म्हणून एकाच जोडीला दोन अ‍ॅप्सवर वेगळे गुण मिळू शकतात. आणि नाडी दोषाचं पारंपरिक कारण काय सांगतात? संतती. दोन मुलांच्या नात्यात हे आठ गुण मुळात कशासाठी कापले, याचं उत्तर कोष्टकाकडे नाही.

निदान अंदाज तरी बरोबर येतो का?

महाराष्ट्रात याची चाचणी झाली आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० हुशार विद्यार्थी आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं अशा २०० पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका तपासून कोणती कुठल्या गटातली ते सांगितलं. सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० च्या आसपास आली असती.

जोडप्यांपुरतं बोलायचं तर डेव्हिड व्होआस या संशोधकाने इंग्लंड आणि वेल्सच्या २००१ च्या जनगणनेतली सुमारे एक कोटी जोडपी तपासली. ती स्त्री-पुरुष जोडपी होती आणि राशी पाश्चात्त्य, सूर्यावरच्या. कुठलीच रास दुसरीला ओढून घेताना दिसली नाही. एकाच राशीची जोडपी किंचित जास्त दिसली, पण त्याचं कारण मजेशीर होतं: फॉर्म भरणाऱ्याने जोडीदाराच्या रकान्यातही चुकून स्वतःचीच जन्मतारीख लिहिणं.

आता तुमच्याकडून काय गेलं ते बघा

इथपर्यंत नुकसान फक्त एका रात्रीच्या झोपेचं होतं. इथून पुढचं जास्त गंभीर आहे.

तुम्ही अ‍ॅपला काय दिलंत? स्वतःचं नाव, मोबाइल नंबर, जन्माची मिनिटापर्यंतची वेळ, गाव. आणि त्याचंही सगळं, बहुधा त्याला न विचारता. त्यावर एक बटण दाबलंत: ‘विवाह जुळवा’. दोन पुरुषांची नावं एकाच जुळवणीत आली की कुणाला काही वेगळं सांगायची गरज उरत नाही. ज्योतिषाशी मिनिटाच्या दराने चॅट केलं असेल तर ‘घरी माहीत नाही, काय करू?’ हे वाक्यही कुठल्यातरी सर्व्हरवर आहे.

नॉर्वेच्या डेटा संरक्षण यंत्रणेने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राइंडरला ६.५ कोटी क्रोनरचा दंड केला. मुद्दा हा होता की कंपनीने वापरकर्त्यांचं लोकेशन वगैरे माहिती वैध संमतीशिवाय जाहिरात कंपन्यांना दिली. एखादा माणूस त्या अ‍ॅपवर आहे, एवढ्यावरूनच त्याच्या लैंगिकतेचा अंदाज येतो, म्हणून ती माहिती विशेष संरक्षणाची, असं यंत्रणेने धरलं.

आपल्याकडे २०११ च्या आयटी नियमांत ‘लैंगिक कल’ संवेदनशील माहितीच्या यादीत होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्गच नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने आहेत. तोपर्यंत सांभाळायचं आपलं आपणच.

आणखी एक. ‘तुझा शुक्र बिघडलाय, पूजा केली की मुलींकडे ओढ वाटेल’ असं कुणी म्हणालं तर चॅट तिथेच बंद करा. समलैंगिकता ‘बरी’ करण्याचे उपचार हे गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तो नियम डॉक्टरांना लागू आहे. ज्योतिषावर त्याचा धाक नाही, म्हणून तुम्हीच सावध राहा.

पत्रिका बघायचीच असेल तर

- छापील पंचांग वापरा. त्यात गुणमिलनाचं कोष्टक असतं. अ‍ॅप जे करतं तेच आहे, फक्त कागद कुणाच्या सर्व्हरला काही पाठवत नाही.
- अ‍ॅपच हवं असेल तर लॉगिनशिवाय चालणारं घ्या. नाव काहीही टाका, गणनेत नावाची गरज नसते.
- त्याची जन्मवेळ त्याला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. त्याने घरी सांगितलेलं नसेल तर अजिबात नको.
- कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाकारा आणि लॉक स्क्रीनवरची नोटिफिकेशन्स बंद करा. घरात फोन हातोहात फिरतो.
- जॉइंट खात्यातून किंवा वडिलांच्या यूपीआयवरून पैसे भरू नका. स्टेटमेंटमध्ये नाव येतं.
- अ‍ॅप नुसतं अनइन्स्टॉल करून डेटा जात नाही. आधी अकाउंट डिलीट करा. खातं उघडू देणाऱ्या अ‍ॅपने ते डिलीट करायची सोय द्यायलाच हवी, असा गुगल प्लेचा नियम आहे.

आणि जुळतं का हे खरंच बघायचं असेल, तर त्याच्याशी बोलायला विषय भरपूर आहेत. घरी कधी सांगायचं, लग्नाचा दबाव आला तर दोघं काय करणार, भाडं कसं वाटायचं. जॉइंट बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला समलिंगी जोडप्यांना कसलीही आडकाठी नाही, असं केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या नॉमिनीच्या रकान्यात तो तुमचं नाव लिहील का, हे त्याला विचारा. तिथे मुलगा आणि मुलगी असे दोन रकाने नाहीत.