कसणाऱ्याच्या नावाची नोंद

कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला, ही समजूत भाबडी आहे. पश्चिम बंगालमधील बर्गादारांना, म्हणजे बटाईने जमीन कसणाऱ्यांना, १९५५ च्या कायद्याचे संरक्षण होते. परंतु दप्तरी नाव लावण्याची मागणी करणे म्हणजे मालकाचा रोष आणि बहुधा हातची जमीन गमावणे. १९७७ च्या दुरुस्तीने पुराव्याचा भार मालकावर टाकला आणि १९७८ मध्ये ‘ऑपरेशन बर्गा’ सुरू झाले. बर्गादारांनी कचेरीत खेटे घालण्याऐवजी महसूल कर्मचारीच वस्त्यांवर गेले. दिवसाचे काम आटोपल्यावर सभा भरल्या, दावे चारचौघांत पडताळले गेले. पुढे सुमारे १४ लाख बर्गादारांची नोंद झाली. ते मालक झाले नाहीत, हे खरे. पण या सुधारणेने शेतीची उत्पादकता वाढली, असे अभिजित बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले. हुसकावले जाण्याची भीती सरली की माणूस परक्याच्या शेतातही घाम आणि पैसा ओततो.

महाराष्ट्रात १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवून कुळांना मालकीचा मार्ग खुला झाला. तरीही आज कित्येक गावांत बटाई तोंडी बोलीवरच चालते. सातबारावर नाव नाही, म्हणून पीककर्ज मिळणे दुरापास्त. अतिवृष्टीची भरपाईही मालकाच्याच खात्यात. नोंद केली तर जमीन जाईल, ही मालकाची भीती दुर्लक्षिण्याजोगी नाही. म्हणूनच मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याची हंगामनिहाय नोंद ग्रामसभेत व्हावी. जो राबतो, त्याचे नाव सरकारी दप्तराला ठाऊक असू नये, ही नामुष्की बटाईदाराची नव्हे, शासनाची आहे.